उतारवयातील मुकी सोबत

(१ ऑक्टोबर, आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या स्नेहमेळाव्यात प्रशासन विभागाच्या वतीने केलेले भाषण)



संयुक्त राष्ट्रसंघाने १९९० साली १ ऑक्टोबर हा दिवस ज्येष्ठ नागरिकांसाठी राखून ठेवला व १९९१ पासून तो जगभर पाळला जातो. या दिवशी रक्तदाब, मधुमेह, मोतीबिंदू, सांधेदुखी या विषयांवर तज्ज्ञांची व्याख्याने होतात. त्या विषयांत आमच्यासारख्या हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्यांनी तोंड घालणे योग्य नव्हे. म्हणून आज आम्ही असा विषय निवडला आहे, जो तपासणीच्या खोलीत क्वचितच निघतो, परंतु आमच्या नोंदणी खिडकीवर मात्र वारंवार निघतो. तो विषय म्हणजे वृद्धांच्या घरातील पाळीव प्राणी.

रुग्णालयाच्या व्यासपीठावरून कुत्र्यामांजरांविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर एका उदाहरणाने देतो. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेस आमच्या शल्यचिकित्सकांनी हर्नियाची शस्त्रक्रिया सुचविली होती. बाईंनी दोनदा तारीख घेतली आणि दोन्ही वेळा ती पुढे ढकलली. खर्चाची अडचण असावी असे आम्हांस वाटले, म्हणून आमच्या समाजसेविकेने सवलतीचा अर्ज पुढे केला. बाईंनी तो नम्रपणे परत केला. भुलीची भीती वाटते का, असे विचारले, तीही नव्हती. अखेरीस बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “घरी दोन मांजरे आहेत. मी पाच दिवस इथे राहिले तर त्यांना दूध कोण घालणार?” समाजसेविकेने त्यांच्याच इमारतीतील खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी बोलणे केले, घराची किल्ली त्यांच्या हाती दिली गेली, आणि पुढच्याच आठवड्यात बाई शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या.

श्रोतेहो, आमच्या प्रवेशपत्रावर नाव, वय, पत्ता, जवळचा नातेवाईक, विमा, ॲलर्जी असे सर्व रकाने आहेत. ज्या कारणाने शस्त्रक्रिया लांबत होती, त्यासाठी मात्र एकही रकाना नाही. आजच्या भाषणाचे मूळ या कोऱ्या जागेत आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी जातात. जोडीदारांपैकी एक आधी जातो. आणि चार खोल्यांच्या घरात एकच माणूस उरतो. मुले कर्तव्यास चुकतात असे मुळीच नव्हे. ती रोज दूरध्वनी करतात. “जेवलात का? गोळी घेतली का? डॉक्टरांकडे जाऊन आलात का?” असे विचारतात. हे प्रश्न प्रेमाचेच आहेत. परंतु त्यांत एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. ज्या व्यक्तीने चाळीस वर्षे संपूर्ण घराची काळजी वाहिली, तिच्याकडे आता फक्त काळजी करून घेण्याचे काम उरते. तिच्यावाचून कोणाचे काही अडत नाही. वार्धक्यातील एकटेपणाचा हा सर्वांत बोचरा भाग आहे, असे आमचे निरीक्षण आहे.

पाळीव प्राणी नेमके येथे उपयोगी पडतो. सकाळी सहाला दाराशी येऊन उभ्या राहणाऱ्या कुत्र्याला आज आपले गुडघे दुखत आहेत हे ठाऊक नसते. त्याला बाहेर न्यावेच लागते. मांजर ताटाजवळ येऊन बसते, म्हणून एकट्या माणसालाही वेळेवर ताट वाढून घ्यावे लागते. घरात कोणाशी तरी चार शब्द बोलले जातात. “आमच्या मोत्याला माझ्याशिवाय कुणाच्या हातचे चालत नाही,” हे वाक्य आजोबा तक्रारीच्या सुरात सांगतात, पण त्यांच्या चेहऱ्यावरील समाधान लपत नाही. प्राणी म्हाताऱ्या माणसाची सोबत करतो हे तर खरेच. त्याहून मोठी गोष्ट ही की, तो त्या माणसावर अवलंबून असतो.

आपल्या परंपरेला हे नाते नवे नाही. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी व चारही भाऊ वाटेत कोसळल्यानंतर धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत चालतो तो एक श्वान, आणि त्याला मागे सोडून स्वर्गात जाण्यास धर्मराज नकार देतो. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्या मुंबईत १८३४ साली पांजरपोळ उभा राहिला, आणि परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आजही जुन्या मुंबईकरांच्या तोंडी ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणूनच आहे. धर्मादाय वृत्तीने माणसांसाठी दवाखाने बांधणाऱ्या या शहराने मुक्या जिवांसाठीही तिजोरी उघडली होती.

आता शास्त्राकडे वळू. परिचर्याशास्त्राच्या आद्य प्रवर्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात, दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रुग्णांना लहानशा पाळीव प्राण्याची सोबत फार हितकर ठरते, असे नमूद केले आहे. पुढे १९८० साली अमेरिकेत एरिका फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकारासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला. प्राणी पाळणाऱ्या ५३ जणांपैकी ३ जण वर्षभरात दगावले. न पाळणाऱ्या ३९ जणांपैकी ११. आकडा लहान होता, परंतु या प्रश्नाकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले गेले ते या अभ्यासामुळे.

२०१७ साली स्वीडनमधील ४० ते ८० वयोगटातील सुमारे ३४ लाख लोकांच्या नोंदी तपासण्यात आल्या. एकट्या राहणाऱ्यांमध्ये, कुत्रा पाळणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न पाळणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी आढळला. कुटुंबात राहणाऱ्यांमध्ये हा फरक बराच कमी होता. जेथे दुसरे कोणी नाही, तेथे या सोबतीचे मोल अधिक, असाच याचा अर्थ निघतो. त्याच वर्षी ब्रिटनमधील एका अभ्यासात ६५ वर्षांवरील श्वानपालक इतरांपेक्षा दिवसाला सरासरी २२ मिनिटे अधिक चालतात असे दिसून आले. येथील किती आजोबांना आमचे डॉक्टर ‘रोज अर्धा तास चाला’ असे सांगून थकले आहेत, हे आपण जाणताच!

आणखी एक अभ्यास आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. २००२ साली अमेरिकेतील परड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या भोजनगृहात रंगीत माशांची काचपेटी ठेवली. जे रुग्ण जेवणाच्या टेबलावर स्थिर बसत नव्हते, ते अधिक वेळ बसू लागले, त्यांचा आहार वाढला व वजनही सुधारले. घरात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेल्या कुटुंबांना दोन घास जास्त जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

परंतु हिशेबनीस या नात्याने आम्हांस जमेबरोबर नावेची बाजूही मांडली पाहिजे. सर्वच अभ्यास एका दिशेने जात नाहीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात, हृदयविकारानंतर प्राणी पाळणाऱ्यांची स्थिती इतरांपेक्षा चांगली आढळली नाही. उलट वाईट आढळली. शिवाय, जे मुळात धडधाकट आहेत तेच कुत्रा पाळू शकतात, ही शंकाही रास्त आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ च्या आपल्या निवेदनात तोल साधला आहे : प्राणी, विशेषतः कुत्रा, पाळण्याचा संबंध हृदयविकाराचा धोका कमी असण्याशी दिसतो, मात्र केवळ हृदय सुधारावे या एकाच हेतूने कोणी प्राणी घरी आणू नये. आमचेही मत हेच आहे. प्राणी म्हणजे गोळी नव्हे. ज्याला त्याचा लळा लागणार आहे, त्यालाच त्याचा गुण येतो.

धोक्यांविषयी स्पष्ट बोलणे आमचे कर्तव्य आहे. पहिला धोका पडण्याचा. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीनुसार कुत्र्यामांजरांमुळे पडून इजा होण्याचे प्रकार वर्षाला सुमारे ८६ हजार होते. तेथेच, साखळीला बांधलेला कुत्रा फिरविताना हाड मोडलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींची संख्या २००४ मधील १,६७१ वरून २०१७ मध्ये ४,३९६ वर गेली. मांजर पायांत घुटमळते, कुत्रा अचानक हिसका देतो आणि खुब्याचे हाड मोडते. म्हणून रात्री खोलीत मंद दिवा असावा, प्राण्याची झोपण्याची जागा पलंग व न्हाणीघर यांच्या वाटेत नसावी, साखळी मनगटाला गुंडाळू नये, आणि अंगापिंडाने थोराड कुत्रा वृद्धांनी एकट्याने फिरवू नये.

दुसरा धोका रोगांचा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. मात्र वेळीच उपचार झाले तर तो पूर्णपणे टाळता येतो. प्राण्याचे लसीकरण वेळच्या वेळी करावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास, मग तो घरच्या प्राण्याचा का असेना, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी, हळद-चुना काहीही लावू नये, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठून लसीच्या सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी घ्याव्यात. मधुमेहाचे रुग्ण, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि कर्करोगाचे उपचार चालू असलेले रुग्ण यांनी लहानशा ओरखड्याकडेही दुर्लक्ष करू नये. दमा असणाऱ्यांनी प्राणी आणण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

येथे कबुतरांचा उल्लेख करणे भाग आहे. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून आपल्या शहरात मोठा वाद झाला. भावना दोन्ही बाजूंनी तीव्र होत्या. त्या वादात न शिरता आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, कबुतरांची वाळलेली विष्ठा व पिसे यांचे कण सतत श्वासावाटे गेल्यास काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. गॅलरीत रोज दाणे टाकणे हा अनेक आजी-आजोबांचा विरंगुळा असतो. त्याऐवजी दोन कुंड्या व माशांची छोटी काचपेटी घरात आली तर विरंगुळाही राहील आणि श्वासही.

कोणता प्राणी निवडावा, याविषयी दोन शब्द. नातवंडांनी हौसेने आणलेले पिल्लू पाऊणशे वयाच्या आजीच्या गळ्यात पडते, असे पुष्कळदा घडते. पिल्लू धावते, चावते, रात्री जागवते. वृद्धांसाठी चारपाच वर्षांचा, शांत स्वभावाचा, शक्यतो देशी जातीचा कुत्रा किंवा वयात आलेले मांजर बरे. प्राण्यांच्या आश्रयस्थानांत असे अनेक जीव घराची वाट पाहत असतात. पोपट मात्र आणू नये. आपल्याकडील पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आणि ज्यांना काहीच पाळणे शक्य नाही, त्यांनी शेजारच्या घरातील कुत्र्याला संध्याकाळी अर्धा तास आपल्या ओसरीवर बसू द्यावे. शेजाऱ्यालाही उसंत मिळते, आपल्यालाही.

यापुढचा मुद्दा नाजूक आहे, परंतु टाळता येणार नाही. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो, मांजर त्याहूनही अधिक. ‘आपल्यामागे याचे काय?’ हा प्रश्न वृद्धांना रात्री छळतो, आणि मुलांजवळ तो काढण्याचा त्यांना संकोच वाटतो. आपल्या कायद्याप्रमाणे प्राण्याच्या नावे संपत्ती ठेवता येत नाही. मात्र त्याचा सांभाळ कोणी करावा हे मृत्युपत्रात लिहिता येते व त्यासाठी त्या व्यक्तीच्या नावे रक्कम ठेवता येते. २०२४ साली दिवंगत झालेले श्री. रतन टाटा यांनी आपल्या मृत्युपत्रात टिटो नावाच्या कुत्र्याच्या सांभाळाची तरतूद केल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. ज्यांच्या बॉम्बे हाऊसमध्ये २०१८ च्या नूतनीकरणानंतर रस्त्यावरील कुत्र्यांसाठी स्वतंत्र खोली राखली गेली, त्यांना हे साजेसेच होते. टाटांइतकी संपत्ती आपणाजवळ नसेल, पण एका कागदावर चार ओळी लिहिणे प्रत्येकाला शक्य आहे. येथे उपस्थित असलेल्या मुलामुलींना आमची विनंती आहे की, हा विषय आपणच काढावा. “बाबा, मोत्याची काळजी करू नका, तो आमच्याकडे राहील,” या एका वाक्याने वडिलांना जी झोप लागेल, ती औषधाच्या दुकानात मिळत नाही.

आणि प्राणी आधी गेला तर? बारा वर्षांची सोबत संपल्यावर आजी दोन दिवस जेवत नाही, तेव्हा “एवढे काय, कुत्राच तर होता” असे कृपया म्हणू नये. लगेच दुसरा आणून देण्याचीही घाई करू नये. त्या घरात जोडीदाराच्या माघारी जो एकच श्वास ऐकू येत होता, तो थांबलेला असतो. ते दुःख खरे आहे. शेजारी बसावे, त्याच्या आठवणी ऐकाव्यात. भूक, झोप फार दिवस हरपली तर डॉक्टरांना दाखवावे.

आता आपल्या रुग्णालयाविषयी. कोणत्याही प्राण्याला वॉर्डात प्रवेश देता येणार नाही, हे आम्ही आरंभीच स्पष्ट करतो. शस्त्रक्रिया झालेल्या व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांच्या जंतुसंसर्गापासून रक्षणाला प्राधान्य आहे व राहील. या मर्यादेत राहून आम्ही विश्वस्त मंडळापुढे चार सूचना ठेवीत आहोत.

पहिली : प्रवेशपत्रावर एक रकाना वाढवावा — ‘घरी पाळीव प्राणी आहे काय? असल्यास आपल्या अनुपस्थितीत त्याची काळजी कोण घेईल?’ यास छपाईचा खर्च तेवढा येईल.

दुसरी : उत्तर ‘कोणी नाही’ असे आल्यास समाजसेवा विभागाने रुग्णाच्या शेजाऱ्यांशी संपर्क साधावा, आणि ते न जमल्यास मदत करू शकतील अशा, परिसरातील प्राणिप्रेमी स्वयंसेवकांची यादी तयार ठेवावी.

तिसरी : ज्येष्ठांच्या कक्षाबाहेरील प्रतीक्षागृहात माशांची एक मोठी काचपेटी ठेवावी. तिच्या देखभालीचे काम नेमून दिलेले असावे. अन्यथा आठ दिवसांत पाणी हिरवे होते, हे सर्वांना ठाऊक आहे.

चौथी : दीर्घकाळ दाखल असलेल्या रुग्णाची प्रकृती बरी असेल व डॉक्टरांची अनुमती असेल, तर त्यास चाकाच्या खुर्चीवरून मागील अंगणात न्यावे आणि नातेवाइकांनी लसीकरण झालेल्या प्राण्यास साखळीसह पंधरा मिनिटे भेटीस आणावे. भेटीनंतर हात धुऊनच रुग्णाने वॉर्डात परतावे.

या चार सूचनांपैकी केवळ काचपेटीलाच काही पैसा लागेल. आमच्या देणगीदारांनी आजवर यंत्रे दिली, खाटा दिल्या, गरजू रुग्णांची देयके भागविली; त्या ऋणाचा उल्लेख या अहवालाच्या पानोपानी आहे. आज आम्ही मागतो आहोत ते वेगळे दान. आपल्या इमारतीत, आपल्या गल्लीत एकटे राहणारे कोणी आजी-आजोबा असतील आणि त्यांच्याकडे एखादे मांजर असेल, तर त्यांच्या घराची एक किल्ली चार दिवसांसाठी स्वीकारण्याची तयारी दाखवा. सकाळ-संध्याकाळ वाटीभर दूध आणि पाण्याचे भांडे, एवढाच खर्च. या दानाची आयकर सवलतीची पावती आमचे कार्यालय देऊ शकणार नाही. पण त्या किल्लीमुळे एखादी शस्त्रक्रिया वेळेवर होईल.

स्वयंसेवकांच्या यादीसाठी समाजसेवा विभागाने सभागृहाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. चहापानास जाताना तीत आपले नाव व दूरध्वनी क्रमांक लिहावा, अशी विनंती आहे.